लिनक्समध्ये पार्टिशनचा क्रम सारखा का बदलतो? योग्य पार्टिशन ओळखायचं कसं?

जुन्या लॅपटॉपवर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं की एक गोष्ट लवकरच खटकते. फाइल मॅनेजरच्या डावीकडच्या पट्टीत काल दुसऱ्या नंबरवर असलेलं पार्टिशन आज चौथ्या नंबरवर दिसतं. 'डिस्क्स' ॲप उघडलं, तर तिथे तिसराच क्रम. मग शंका येते, डिस्क खराब झाली की काय?

घाबरू नका, डिस्क ठीक आहे. पण हा बदलता क्रम समजून घेणं गरजेचं आहे, कारण फॉरमॅट करताना चुकीच्या ओळीवर क्लिक झालं तर फोटो आणि प्रोजेक्ट एका झटक्यात जातात.

विंडोजमध्ये असं का वाटत नाही?

विंडोज सी, डी, ई अशी अक्षरं देतं आणि कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर दिलं ते आपल्या रजिस्ट्रीत लिहून ठेवतं. त्यामुळे आतल्या डिस्कचा डी ड्राइव्ह उद्याही डी ड्राइव्हच राहतो. लिनक्समध्ये ही अक्षरांची पद्धतच नाही.

क्रम बदलण्याची तीन कारणं

१. नावं सापडण्याच्या क्रमाने मिळतात. लिनक्सचा कर्नल साटा आणि यूएसबी डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतो. जी डिस्क आधी सापडली ती एसडीए. दोन पेन ड्राइव्ह एकामागून एक लावून बघा, मग उलट क्रमाने लावा. नावांची अदलाबदल होईल. कॉम्प्युटर सुरू होतानाही हेच घडू शकतं, कारण कर्नल डिस्क शोधताना एकीचं काम संपेपर्यंत दुसरीला थांबवून ठेवतोच असं नाही. नाव बदललं की त्या नावावर लावलेली यादीही बदलते.

२. पार्टिशनचा नंबर म्हणजे त्याची जागा नव्हे. समजा, ५१२ जीबीच्या डिस्कवर विंडोजची चार पार्टिशन आहेत. तिसरं सी ड्राइव्ह, चौथं रिकव्हरीचं. तुम्ही सी ड्राइव्ह लहान करून मोकळ्या जागेत उबंटू टाकलं. नव्या पार्टिशनला नंबर मिळतो ५, पण डिस्कवर ते बसतं ३ आणि ४ च्या मधे! 'डिस्क्स' ॲप जागेप्रमाणे दाखवतं, दुसरं एखादं ॲप नंबरप्रमाणे. दोन्ही बरोबरच, पण बघणारा गोंधळतो.

३. प्रत्येक ॲपची क्रम लावण्याची रीत वेगळी. कुणी नावाप्रमाणे लावतं, कुणी जोडल्याच्या वेळेप्रमाणे. आकड्यांकडे निव्वळ अक्षरं म्हणून बघणारं ॲप १० ला २ च्या आधी बसवतं. काही फोल्डरमध्ये 'फोटो १०' हा 'फोटो २' च्या आधी येतो ना, अगदी तसंच.

मग ओळखायचं कशावरून?

व्हॉट्सॲपवर आईचा चॅट कधी सगळ्यात वर असतो, कधी खाली. आपण 'वरून तिसरा चॅट' असं लक्षात ठेवत नाही, नाव बघून उघडतो. पार्टिशनचंही तसंच करा.

पार्टिशनला दोन पक्क्या ओळखी असतात. पहिली लेबल, म्हणजे आपण दिलेलं नाव. दुसरी यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना मिळणारा लांबलचक ओळख क्रमांक. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावली तरी या दोन्ही बदलत नाहीत. पुन्हा फॉरमॅट केलं तर मात्र यूयूआयडी नवा मिळतो.

हा क्रमांक तुम्ही फोनवरही पाहिला असेल. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. तिथे मेमरी कार्डातल्या फाइलचा पत्ता बघितला, तर चार अक्षरं-आकडे, मधे आडवी रेघ, पुन्हा चार अक्षरं-आकडे असं काहीतरी दिसतं. तोच त्या कार्डाचा ओळख क्रमांक!

आजच करा: लेबल द्या

मी कुणाच्याही लॅपटॉपवर लिनक्स बसवलं की हे काम आधी करतो. लेबल नसेल तर पट्टीत फक्त '१०० जीबी व्हॉल्यूम' असं दिसतं, आणि सारख्या आकाराची दोन पार्टिशन असली की ओळखणं मुश्कील.

- 'डिस्क्स' ॲप उघडा आणि डावीकडे डिस्क निवडा.
- हवं ते पार्टिशन निवडा. ते उघडं असेल तर आधी अनमाउंट करा.
- खालच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करून 'एडिट फाइलसिस्टम' निवडा आणि नाव लिहा.

नाव छोटं, इंग्रजी अक्षरांत ठेवा. फॅट३२ पेन ड्राइव्हवर ११ अक्षरंच बसतात, ईएक्सटी४ वर १६. लेबल पार्टिशनवरच लिहिलं जातं, त्यामुळे सी-डी ड्राइव्हना दिलेलं नाव विंडोजमध्येही दिसतं.

दोन जागी विशेष सांभाळा

फॉरमॅट करताना किंवा पेन ड्राइव्हवर आयएसओ लिहिताना: 'डीडी' ही कमांड 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही. दिलेल्या नावावर सरळ लिहून टाकते. कालच्या ट्युटोरियलमधला 'एसडीबी' आज तुमची बॅकअप डिस्क असू शकतो. त्यामुळे दर वेळी तीन गोष्टी जुळवा: डिस्कचं मॉडेल, आकार आणि लेबल. त्यातही सोपा उपाय म्हणजे नको असलेल्या सगळ्या यूएसबी डिस्क आधी काढून ठेवा.

पार्टिशन आपोआप माउंट करताना: ही माहिती 'एफएसटॅब' नावाच्या फाइलमध्ये असते. तिथे 'एसडीबी१' असं लिहिलं आणि पुढच्या वेळी नाव बदललं, तर सिस्टम त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघून थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊ शकते. म्हणून तिथे यूयूआयडीच लिहा. उबंटूचा इन्स्टॉलरही तेच करतो.

थोडक्यात काय, यादीतली जागा आणि एसडीए-एसडीबी ही नावं तात्पुरती. लेबल आणि यूयूआयडी भरवशाचे. तुमच्या ज्या मित्राने नुकतंच लिनक्स टाकलंय, त्याला पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायच्या आधी हा लेख नक्की पाठवा!