स्वतंत्र लेखनव्यवसाय आणि प्रताधिकार

नोकरी न पत्करता आंतरजालासाठी लेख व चित्रफिती करून देण्याचा व्यवसाय आज अनेक तरुण आरंभीत आहेत. त्यांनी मोबदल्याइतकाच स्वामित्वाचाही विचार करावयास हवा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार स्वतंत्र लेखकाच्या लेखाचा प्रथम स्वामी सामान्यतः लेखकच असतो. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या चित्रफितीचा मात्र, वेगळा करार नसल्यास, ती करवून घेणारा. हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षांची धरली जाते. आज विकलेला लेख उद्या स्वतःच्या संग्रहात घेता येईल की नाही, हे त्या कागदावरच ठरते. यास्तव निबंधलेखनासमवेत करारपत्र वाचण्याची सवयही शिक्षकांनी विद्यार्थ्यांस लावणे अगत्याचे आहे.