कुंडलिकेच्या पाण्याचा मागोवा

सेवाग्रामच्या पंचक्रोशीत नदी म्हटली की पवनारची धाम डोळ्यांपुढे येते. परंतु आषाढात गढूळ पुराने फुगणारी आणि चैत्रात खडकांच्या बेचक्यांत कृश होऊन राहणारी ही नदी खळाळत्या प्रवाहात वल्हे मारण्याची हौस पुरवू शकत नसल्यामुळे, येथील साहसप्रिय तरुणांना गेली काही वर्षे रायगड जिल्ह्यातील कोलाडच्या कुंडलिका नदीची वाट धरावी लागते.

कोकणातील इतर नद्यांची पात्रे ग्रीष्मात उघडी पडत असता कुंडलिका मात्र वाहती राहते, हे निसर्गाचे औदार्य नव्हे. टाटांच्या जलविद्युत् योजनांपैकी खोपोलीची 1915 साली आणि भिवपुरीची 1922 साली कार्यान्वित झाली. त्यानंतर मुळशीजवळ धरण बांधून, पूर्वेकडे जाणारे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथे सोडण्याची तजवीज 1927 साली पुरी झाली, आणि यंत्रे फिरवून मोकळे झालेले ते पाणी कुंडलिकेच्या पदरी पडले.

या पाण्यासाठी मुळशी पेट्यातील रयतेने जी किंमत मोजली, तिचा उल्लेख टाळून हा मागोवा पुरा होणार नाही. सरकारने भूसंपादनाच्या कायद्याचा आधार कंपनीला दिला, तेव्हा 1921 च्या रामनवमीपासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ या घोषणेनिशी सत्याग्रह मांडला. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि 1924 पर्यंत चाललेला तो लढा अखेर धरणाखाली गेला. पुढे 1936 साली आमच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिलेल्या गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून आरंभी या रयतेविषयी सहानुभूती प्रकट केली होती.

आज राफ्टिंगचा बेत आखणाऱ्याला पंचांगापेक्षा भिऱ्याच्या विद्युत्केंद्राचे वेळापत्रक अधिक उपयोगी पडते. सकाळी पाणी सुटले म्हणजे रावळजे गावाखालच्या पात्रात खळाळ जागे होतात आणि सुमारे बारा किलोमीटरांचा प्रवास त्या लोंढ्याबरोबरच उरकावा लागतो; म्हणून आदल्या दिवशीच पाण्याची वेळ निश्चित करून मुक्काम कोलाडच्या आसपास ठेवणे श्रेयस्कर. खळाळांच्या एक ते सहा या आंतरराष्ट्रीय श्रेणींपैकी येथे सामान्यतः दुसरी व तिसरी आढळते, तथापि पावसाळ्यात ओढ्यांचे पाणी मिसळले की हा हिशेब बदलतो. शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकीट यांत हयगय नको. आणि कोणी पाण्यात पडलाच, तर त्याने उभे राहण्याचा प्रयत्न न करता, पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेस ठेवून वाहत राहावे, कारण खडकांच्या फटीत पाय अडकणे हाच येथला मोठा धोका होय.

प्रवासाविषयी एक सूचना करावीशी वाटते. वर्ध्याहून आगगाडीने मुंबई गाठून तेथून कोलाडला जाता येते. परंतु शक्य तर पुण्यास उतरून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट आणि विळे या मार्गाने जावे. एक तास अधिक लागला तरी हरकत नाही. ज्या पाण्यावर आपली नौका चालणार आहे, ते कोणाच्या शेतांवर साठले आहे हे आपल्या मुलांना जलाशयाच्या काठावर उभे करून सांगावे, आणि मगच वल्हे हाती द्यावे.