विषय राहिला, पोरं शिकत राहिली

निकाल लागले आणि अभियांत्रिकीची मुलं पुन्हा ‘कॅरी ऑन’साठी विद्यापीठाच्या दारात बसली. विषय राहिले असले तरी पुढच्या वर्षाला बसू द्या, ही मागणी जुनीच. तिच्या बाजूने आणि विरोधात भरपूर लिहून झालंय. मला त्या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण मुलांनी तो फार नेमका उचललाय.

इंग्रजीत ‘कॅरी ऑन’ म्हणजे करत राहणं, आणि ‘कीप ऑन’ म्हणजेही तेच. पण त्यात पुन्हापुन्हा करणं येतं, आणि बरेचदा ऐकणाऱ्याचा वैतागही: सांगूनही हा मध्येमध्ये बोलतोच! ‘कॅरी ऑन’मध्ये बहुधा आधी एक खंड पडलेला असतो. एनसीसी केलेल्यांना हे लगेच कळेल. अधिकारी आत येतो, सगळे ताडकन उभे राहतात, तो ‘कॅरी ऑन’ म्हणतो आणि हातातलं काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

टी-शर्टांवर, कपांवर दिसणारं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ही असंच संकटातून आलेलं. 1939 साली ब्रिटिश सरकारने या पोस्टरच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या, त्या मोठे बॉम्बहल्ले झाले तर लोकांनी खचू नये म्हणून. त्या भिंतींवर फारशा लागल्याच नाहीत. पुढे कागदाची टंचाई झाली आणि बहुतेकांचा लगदा झाला. 2000 साली इंग्लंडमधल्या ॲनिक गावी, जुन्या रेल्वे स्टेशनातल्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी त्या पोस्टरची घडी घातलेली एक प्रत सापडली. आज ते जगभर आहे.

शेजारचा मुलगा परवा इंग्रजी अर्ज घेऊन आला. त्यात ‘कॅरी ऑन टू स्टडी’ होतं. आम्ही ‘टू’ खोडून ‘कॅरी ऑन विथ अवर स्टडीज’ केलं. नाम आलं की ‘विथ’, क्रियापद आलं की ‘आयएनजी’: ‘कॅरी ऑन स्टडीइंग’. बोलताना मात्र तो सरळ “कॅरी ऑन द्या” म्हणतो. इंग्रजीतल्या क्रियापदाचं आपण नाम केलं, द्यायची-घ्यायची वस्तू केली. काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाऊ देणाऱ्या एटीकेटीतल्या ‘कीप’चंही तेच झालं. ‘अलाउड टु कीप टर्म’ हे आता कुणाला आठवतं?

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते आपलं ‘राहणं’. ‘गणित राहिलं’ म्हणजे नापास झाला. ‘शिकत राहिला’ म्हणजे नेट सोडला नाही. एकाच क्रियापदात दोन्ही. अर्ज घडी करून खिशात घालताना तो म्हणाला, “काका, दोनच राहिलेत.”