पगारवाढीचे पत्र आणि वाढलेला रक्तदाब

एप्रिल-मे म्हणजे अनेक कंपन्यांमध्ये पगारवाढीच्या पत्रांचा हंगाम. चाळिशीतला एखादा अभियंता वर्षभर रात्री उशिरापर्यंत राबतो, सुट्टीच्या दिवशीही त्याचा लॅपटॉप उघडाच असतो. पत्र हातात पडते तेव्हा वाढ जेमतेम असते आणि बढती मिळालेली असते ती त्यानेच काम शिकवलेल्या सहकाऱ्याला. कारण विचारले तर 'बेल कर्व्ह'कडे बोट दाखवले जाते. म्हणजे किती जणांना उत्तम शेरा द्यायचा, हे आधीच ठरलेले! घरी तो गप्प गप्प राहतो. पहाटे तीनला झोप मोडते ती पुन्हा लागत नाही. छातीत जळजळते म्हणून ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. 'टेन्शन आहे, होईल ठीक,' असे घरचेही म्हणतात. रक्तदाब मात्र कुणीच मोजत नाही.

डावलले जाण्याचे दुःख मनापुरते राहत नाही. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि मोबदला यांच्या बिघडलेल्या तोलाचा आरोग्याशी असलेला संबंध मांडला. त्यांच्या मते मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे. मान, बढतीची संधी आणि नोकरीची शाश्वतीही त्यात येते. युरोपातल्या ९० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रम जास्त आणि मोबदला कमी, अशी स्थिती असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. धूम्रपानाच्या मानाने हा धोका लहान आहे. पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आधीच असलेल्या माणसाला ही भर परवडणारी नसते.

हे घडते कसे? राग आणि अपमान गिळताना शरीरात ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब आणि रक्तातली साखर चढते. प्रसंग तेवढ्यापुरता असेल तर सारे पूर्ववत होते. रोजच तो सल उगाळला गेला, की शरीराला उसंत मिळत नाही. त्यात अपुरी झोप, सिगारेट, दारू आणि बंद पडलेला व्यायाम यांची भर पडते. 'आणखी राबलो तर पुढच्या वर्षी दखल घेतील,' म्हणून स्वतःला जुंपून घेणारी माणसे तर जास्तच पिचतात.

लंडनमधल्या सरकारी नोकरदारांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासातून २००५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. वरिष्ठ आपले ऐकून घेतात, पुरेशी माहिती देतात, विनाकारण बोल लावत नाहीत, असा अनुभव असलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. कंपन्यांनी यातून धडा घ्यायला हवा. बढतीचे निकष आधी जाहीर करणे आणि नाकारल्यास कारण स्पष्ट सांगणे, याला फारसा खर्च येत नाही. अर्थात, गोड शब्द हा न्याय्य पगाराला पर्याय नव्हे.

कर्मचाऱ्याने काय करावे? केलेल्या कामाची वेळोवेळी नोंद ठेवावी, निकष लेखी मागावेत. दुसरी नोकरी शोधणे म्हणजे पराभव नव्हे. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ अशी लक्षणे दिसली तर ॲसिडिटीच्या गोळीवर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत समुपदेशन मिळते. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

हुकलेली बढती पुढच्या वर्षी किंवा दुसऱ्या कंपनीत मिळू शकते. हृदयविकाराच्या झटक्यात निकामी झालेला हृदयाचा स्नायू मात्र पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.