मुष्टिप्रहाराला शस्त्र म्हणावे काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांची, म्हणजे ज्यांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे फळ बहुधा फासे टाकून ठरते अशा खेळांची, परंपरा त्याच्यापासून सुरू झाली. प्रत्येक पात्राला काही क्षमता मिळतात, प्रत्येक क्षमतेचे वर्णन नियमपुस्तकात चार-दोन वाक्यांत दिलेले असते, आणि वाद उद्भवतात ते या चार-दोन वाक्यांवरूनच. बुद्धिबळातील घोडा अडीच घरांपलीकडे काही करूच शकत नसल्याने त्याच्या चालीविषयी दुमत होत नाही. भूमिकाखेळात मात्र खेळाडू काय करू पाहील याला सीमा नसते, आणि अशा अमर्याद कृतींना मोजक्या वाक्यांत बांधायचे म्हटले की संदिग्धता ओघानेच येते.

म्हणून प्रत्येक डावाला एक पंच लागतो. त्याला ‘डन्जन मास्टर’ किंवा थोडक्यात ‘डीएम’ म्हणतात. कथेचे जग तोच उभे करतो, शत्रूंच्या वतीने तोच खेळतो आणि नियमाचा अर्थही तोच लावतो. ही पंचाची कल्पना जुन्या युद्धखेळांतून आली आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ यांनी फासे आणि कोष्टके यांवर आधारलेला युद्धखेळ रूढ केला, तर १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर द्यावा, असे प्रतिपादन केले. नियमाचे शब्द मोठे की पंचाची समज मोठी, हा प्रश्न असा फार जुना आहे.

वाद म्हणून पुढे येणारे अनेक प्रश्न मुळात वाद नसतातच. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘रोग’ या चोरपावलांनी वावरणाऱ्या पात्रवर्गाला ‘स्नीक अटॅक’ ही जादा इजा करण्याची क्षमता ‘प्रत्येक पाळीत एकदा’ दिली आहे. सुमारे सहा सेकंदांच्या एका फेरीत प्रत्येक पात्राची एक पाळी येते. पाळी आणि फेरी यांतला हा फरक ध्यानात घेतला की दुसऱ्याच्या पाळीत, शत्रू पळू लागताच मिळणाऱ्या संधीच्या वारातही ही जादा इजा का करता येते, हे आपोआप उलगडते. येथे गरज असते ती केवळ सावध वाचनाची.

खरी अडचण येते ती शब्द स्पष्ट असूनही अर्थ विपरीत निघतो तेव्हा. त्याच आवृत्तीत अदृश्य होण्याच्या अवस्थेचे वर्णन दोन स्वतंत्र कलमांत होते: पहिल्याप्रमाणे अदृश्य पात्र जादूशिवाय किंवा विशेष इंद्रियाशिवाय दिसत नाही, आणि दुसऱ्याप्रमाणे त्याच्यावरील हल्ल्याला ‘डिसॲडव्हान्टेज’ असते, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. अदृश्य वस्तू पाहण्याचा मंत्र टाकलेल्या पात्राला पहिले कलम लागू पडत नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्या कलमात दिसण्या-न दिसण्याचा उल्लेखच नसल्याने शत्रू डोळ्यांसमोर दिसत असतानाही वार अवघडच राहतो, असा अर्थ निघे. शब्दनिष्ठ वाचकांच्या बाजूने आणखी एक भक्कम मुद्दा होता: दुसऱ्या एका मंत्राच्या वर्णनात, त्याने उजळलेल्या लक्ष्याला अदृश्यतेचा फायदा मिळत नाही, असे स्पष्ट लिहिले होते, तेव्हा लेखकांना फायदा काढून घ्यायचा असता तर तसे त्यांनी येथेही लिहिले असते. युक्तिवाद निर्दोष दिसतो, तरी तो स्वीकारू नये; कारण त्याने पाहण्याच्या मंत्राचे बरेचसे प्रयोजनच नाहीसे होते. २०२४ च्या सुधारित नियमांत, जो पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही, असे निःसंदिग्ध वाक्य घालण्यात आले.

याहून बारीक प्रश्न ‘पॅलाडिन’ या धर्मयोद्ध्याच्या ‘डिव्हाइन स्माइट’ या क्षमतेचा. जवळून केलेला शस्त्रहल्ला लागला की मंत्रशक्तीचा एक साठा खर्चून, शस्त्राच्या इजेत दैवी तेजाच्या इजेची भर घालता येते, असा २०१४ चा नियम होता. आता याच पुस्तकाच्या परिभाषेत मुष्टिप्रहार हा ‘जवळचा शस्त्रहल्ला’ या प्रकारात मोडतो, पण मूठ हे शस्त्र नव्हे. मग नियमाचा पूर्वार्ध मुष्टिप्रहाराला दार उघडतो आणि उत्तरार्धातील ‘शस्त्राची इजा’ हे शब्द ते बंद करतात. नियमकर्त्यांच्या अधिकृत खुलाशाने उत्तरार्धावर बोट ठेवून नकार दिला. मात्र डीएमने परवानगी दिल्यास खेळाचा तोल बिघडत नाही, अशी कबुलीही सोबत दिली.

अशा खुलाशांची प्रथा ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ साली सुरू झालेल्या ‘सेज ॲडव्हाइस’ या सदरापासूनची आहे. पाचव्या आवृत्तीचे नियम तेव्हा सांभाळणारे जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ मध्ये याच नावाच्या सदरात तीन कसोट्या मांडल्या: नियमाचे लिखित शब्द, त्यामागचा हेतू आणि त्यातून मिळणारा आनंद. ‘विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो’ हे तर पाचव्या आवृत्तीचे मूलतत्त्वच आहे, आणि भारतीय वाचकाला ते परके वाटू नये. काशीत राहिलेले मराठी वैयाकरण नागोजीभट्ट काळे यांच्या ‘परिभाषेंदुशेखर’ या ग्रंथात पाणिनीच्या सूत्रांचा अर्थ लावण्याचे जे संकेत एकत्र केले आहेत, त्यांतही अपवादाला असेच बळ दिलेले आहे. संदेह आला म्हणून सूत्र निकामी ठरत नाही, व्याख्यानाने त्याचा नेमका अर्थ लावावा, हा त्या ग्रंथाचा आरंभीचाच संकेत कोणत्याही डीएमने मनाशी बाळगावा इतका मोलाचा आहे.

मुष्टिप्रहाराच्या बाबतीत अधिकृत उत्तर शब्दांना धरून होते, तरी ते अनुदार होते, असेच म्हणावे लागते. तोल बिघडत नसेल आणि शब्द दोन्हीकडे ओढत असतील, तर कौल खेळाडूच्या कल्पकतेला मिळावा. २०२४ च्या नियमांनी मुष्टिप्रहाराला मुभा देऊन तेच केले. मात्र उदारपणाइतकेच सातत्यही आवश्यक आहे. एका खेळाडूला दिलेली सवलत पुढच्या डावात दुसऱ्याला नाकारली गेली, किंवा फासा पडल्यानंतर नियमाचा अर्थ बदलला, तर खेळाडूंचा पंचावरील विश्वास उडतो आणि मग कोणताही खुलासा उपयोगी पडत नाही. मंत्रशक्तीचे साठे मोजके असतात, ते केव्हा खर्चावेत याचा विचार खेळाडू आधीपासून करत असतो; तेव्हा आपल्या टेबलावर संदिग्ध क्षमतेचा कोणता अर्थ चालेल, हे डीएमने मोहीम सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगून टाकावे.