जुने स्पीकर, जुने कान

माळ्यावरून सत्तर-ऐंशीच्या दशकातली स्पीकरची जोडी खाली येते, धूळ पुसली जाते, ॲम्प्लिफायरला तारा जोडल्या जातात आणि पुढची पाच मिनिटे बहुतेक घरांत सारखीच जातात. आवाज येतो, पण खर्जाच्या जागी नुसती फडफड. पुढची जाळी काढून पाहावे तर मोठ्या स्पीकरच्या, म्हणजे वूफरच्या, भोवतीची काळी मऊ कडा जागोजागी फाटलेली. बोट लावले की तिचा चुरा होतो आणि बोटाला काजळीसारखे चिकट काहीतरी लागते. ‘गेले हे,’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि जोडी भंगारात जाते.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. चुंबक शाबूत असतो, तांब्याची कॉइल शाबूत असते, कागदाचा कोन आणि लाकडी पेटीही धड असते. गेलेली असते ती काही ग्रॅम वजनाची फोमची कडा, आणि ती घरी बसवता येते. विजेच्या जुन्या उपकरणांपैकी स्पीकर हे नवशिक्याने हात घालण्यासारखे बहुधा सर्वांत निर्धोक उपकरण. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. साध्या स्पीकरच्या पेटीत तारा सोडवल्यावर असे काही उरत नाही.

कडा विरते ती वापरामुळे नव्हे. ती असते पॉलियुरेथेनच्या फोमची, आणि या फोमच्या रेणूंच्या लांब साखळ्या हवेतच तुटत जातात. एका प्रकारच्या फोममधले दुवे हवेतल्या ओलाव्याने तुटतात, तर दुसऱ्या प्रकारातले ऑक्सिजन आणि उजेडाने. त्यामुळे जपून, चादरीत गुंडाळून ठेवलेली जोडीही साधारण पंधरा-वीस वर्षांत याच वाटेने जाते. मुंबई-कोकणातल्या दमट पावसाळ्यात हे काम आणखी लवकर होते. संग्रहालयांनाही त्या काळच्या फोमच्या खुर्च्या आणि शिल्पे टिकवताना हाच प्रश्न छळतो. ज्या स्पीकरांची कडा रबराची किंवा कापडाची आहे, ते मात्र पन्नास वर्षांनंतरही वाजत असतात. म्हणून आपल्या जोडीची कडा कशाची आहे, हे आधी पाहावे.

एवढीशी कडा आवाजासाठी इतकी महत्त्वाची का, हे समजायला एडगर विल्चर या अमेरिकी संशोधकाची गोष्ट उपयोगी पडते. १९५० च्या सुमारास चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. कोनला परत जागेवर आणण्याचे काम त्याचे ताठ, स्प्रिंगसारखे आधार करत आणि जोराच्या आवाजात ते आधारच सुरांची मोडतोड करत. विल्चरने उलटा विचार केला. आधार अगदी ढिले ठेवायचे, पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्यायचे. हवेची उशी धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी समतोल वागते. पहिल्या नमुन्याची कडा त्याच्या पत्नीने, रोझमेरीने, गादीच्या खोळीच्या कापडातून तयार केली होती. १९५४ मध्ये विल्चर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटीतून खोल खर्ज ऐकू येऊ लागला. जगभरातल्या घरांत पुढची काही दशके जे स्पीकर आले, त्यांतल्या असंख्यांवर या कल्पनेची छाप आहे.

हवाबंद पेटीत हवाच स्प्रिंग असल्यामुळे कडेला भोक पडले की स्प्रिंगच निसटते. खर्ज जातो, कोन बेलगाम हलतो, आणि आवाज वाढवला तर कॉइल चुंबकावर घासून जळते. कडा फाटलेला स्पीकर ‘बघू अजून किती चालतो’ म्हणून वाजवत राहणे हीच त्याला खऱ्या अर्थाने मारण्याची रीत.

तपासणी सोपी आहे. दोन्ही हातांची बोटे कोनवर सारखी टेकवून तो हलकेच आत दाबावा. तो निमूट आत-बाहेर झाला तर ठीक, खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा. आठ ओहमच्या स्पीकरवर साधारण सहा आणि चार ओहमच्या स्पीकरवर तीनच्या आसपास आकडा दिसतो. काहीच दिसले नाही तर कॉइल तुटलेली आहे आणि मग काम घरचे राहत नाही.

सर्वांत कंटाळवाणी पायरी जुनी कडा खरवडण्याची. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि कोन फाटतो. जुना फोम आणि त्याखालचा डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने थोडा थोडा ओला करून, बोथट पात्याने काढायचा असतो. एका वूफरला दोन-तीन तास सहज लागतात. कोन प्लॅस्टिकचा असेल तर ॲसिटोन लांबच ठेवावे, काही प्लॅस्टिके त्यात विरघळतात. फोमचा चुरा कॉइलच्या फटीत पडू नये म्हणून त्या वेळी स्पीकर तिरपा धरावा.

नवी कडा मागवताना ‘दहा इंची’ एवढे सांगून भागत नाही. लोखंडी चौकटीचा व्यास, कोनचा व्यास आणि मधल्या गोल वळकटीचे आतले-बाहेरचे माप, अशी चार मापे घ्यावी लागतात. दुकानदार ‘रबराची टाका, कायमची टिकेल’ असे सुचवतो. मूळ कडा फोमची असेल तर हा सल्ला मानू नये. रबर जड असते, त्याने स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या बदलते आणि पेटीशी जमवलेला मेळ बिघडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली तर स्पीकरचा कोन बदलून देणारे कारागीर सापडतात. लग्नाच्या मांडवातले आणि मिरवणुकीतले भोंगे दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला असतो. पण ते बहुधा कॉइलसकट सगळाच कोन बदलतात. मांडवातल्या स्पीकरला ते चालते. घरच्या जुन्या जोडीचा मूळ आवाज मात्र त्यात हरवतो. त्यांना फक्त कडा बदलायची आहे, हे निक्षून सांगावे.

चिकटवताना पांढरा, सावकाश सुकणारा गोंद घ्यावा. झटपट चिकटणारा गोंद इथे शत्रू, कारण कोन मधोमध बसला आहे की नाही हे पाहायला वेळच मिळत नाही. कॉइल आणि चुंबक यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. कोन एका बाजूला कणभर सरकला तरी घासतो. जुने कारागीर मधली गोल टोपी कापून त्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या घालतात, गोंद सुकेपर्यंत कोन जागचा हलत नाही. टोपी कापायची नसेल तर वीस-तीस हर्ट्झचा खोल स्वर अगदी हलका लावावा आणि खरखर बंद होईपर्यंत कडा बोटाने इकडेतिकडे सरकवावी. मग चोवीस तास स्पीकरला हात लावू नये.

पेटी उघडली आहेच तर आतला क्रॉसओव्हर पाहून घ्यावा. खर्ज वूफरकडे आणि तार सप्तक ट्वीटरकडे वाटून देणारी ही छोटी जोडणी. तिच्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दुकानदारांच्या भाषेत कंडेन्सर, चाळीस वर्षांत सुकून आपल्या मूल्यापासून ढळतात. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा आणि बिनध्रुवीच घ्यावेत. बाजारात धन-ऋण खुणा असलेलेच जास्त मिळतात. ते एकेकटे लावू नयेत, पण दहा मायक्रोफॅरडचे दोन ध्रुवीय कपॅसिटर ऋण टोकाला ऋण टोक जोडून लावले की पाच मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी तयार होतो, ही मेकॅनिकांची जुनी युक्ती आजही चालते.

आता या कामातली आरोग्याची बाजू, जिच्याकडे हौशी लोक हमखास काणाडोळा करतात. जुन्या पेट्यांत आवाज शोषण्यासाठी काचतंतू भरलेला असतो. तो उघड्या हातांनी उपसला तर त्वचेला तासन्‌तास खाज सुटते आणि श्वासातून गेलेले तंतू घसा व श्वासमार्ग चुरचुरवतात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि एन-९५ मास्क घालावा, आणि पंखा बंद ठेवावा. डाकेच्या तारेत कथिलाबरोबर शिसेही असते. डाक देताना डोळ्यांसमोर येणारा धूर शिशाचा नव्हे, राळेचा असतो. दम्याच्या रुग्णांना तो बाधतो आणि सतत हुंगल्याने निरोगी माणसालाही दमा जडू शकतो. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. म्हणून काम चालू असताना चहा-बिस्किटे नकोत, नंतर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवावे. पेसमेकर बसवलेल्यांनी सुटा काढलेला वूफर छातीशी धरून उचलू नये, त्यातला चुंबक चांगलाच जोरकस असतो.

जोडी वाजू लागली की परीक्षा घ्यायला आपल्याकडे तंबोरा आणि तबल्यासारखे साधन नाही. डग्ग्याची घुमार गोल आणि सुटी ऐकू आली तर नवी कडा नीट बसली. तंबोऱ्याच्या जवारीतली चमक आली तर ट्वीटर जिवंत आहे. पण पुष्कळदा या टप्प्यावर एक वेगळाच घोटाळा होतो. साठी ओलांडलेले गृहस्थ मोबाइलवरून चढत जाणारा स्वर लावतात. दहा-अकरा हजार हर्ट्झच्या पुढे त्यांना शांतता ऐकू येते आणि ट्वीटर मेला असे समजून ते नवा शोधू लागतात. शेजारी उभी असलेली नात मात्र कान झाकून घेते.

ट्वीटर ठीक असतो. बदललेला असतो कान. आतल्या कानातल्या शंखाकृती कॉक्लियात जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास मेंदूला आवाज कळवतात, उरलेल्या तो वाढवून-घटवून देतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि वयाबरोबर व गोंगाटाने त्याच आधी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. चौदा हजार हर्ट्झ ऐकू न येणे हा आजार नाही, बोलण्यासाठी त्याची गरजही नसते. पण झीज खाली उतरत दोन ते चार हजारांपर्यंत आली की ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ ही व्यंजने पुसट होतात. ‘ऐकू येतं, पण काय बोलतात ते कळत नाही,’ ही तक्रार तिथून सुरू होते.

अशा वेळी हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. दुरुस्तीच्या आनंदात तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. साध्या खोलीत चांगला स्पीकर ही पातळी सहज गाठतो, आणि सूर स्वच्छ असले की आवाज मोठा झाल्याचे जाणवतही नाही.

विल्चरच्या गोष्टीचा उत्तरार्ध इथे येतो. १९६७ मध्ये कंपनी विकल्यावर त्याने स्पीकर सोडले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक इथे ऐकू कमी येणाऱ्यांसाठी काम सुरू केले. केसपेशी मेलेल्या कानाची अडचण विचित्र असते. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम कर्कश वाटतो. त्या काळची श्रवणयंत्रे सगळेच आवाज सारखे वाढवत, त्यामुळे भांडे पडले की यंत्र काढून फेकावेसे वाटे. विल्चरने स्वरांचे पट्टे वेगळे करून प्रत्येक पट्ट्यात हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवण्याची पद्धत मांडली. १९७३ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. आजच्या बहुतेक डिजिटल श्रवणयंत्रांचा पाया तोच आहे. २०११ मध्ये ९४ व्या वर्षी तो वारला.

दुरुस्त केलेल्या जोडीतला एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा मंद वाटला तर पेटी पुन्हा उघडण्याआधी एक साधा प्रयोग करावा. खुर्ची फिरवून स्पीकरांकडे पाठ करून बसावे. तोच स्पीकर अजूनही मंद वाटला तर दोष स्पीकरात किंवा तारेत आहे. मंदपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेल्यासारखा वाटला, तर दोष त्या बाजूच्या कानात आहे. पुष्कळदा तो फक्त साचलेला मळ निघतो आणि डॉक्टर पाच मिनिटांत काढतात. पण एका कानाचे ऐकणे एका-दोन दिवसांत अचानक कमी झाले असेल, कानात गुणगुण किंवा चक्कर असेल, तर त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच नीट लागू पडतात.