नशा आणि कायदा (लेखांक ५) : शिक्षा काढली, पुढे काय?

अमली पदार्थांविरुद्धचा आपला एनडीपीएस कायदा १९८५ मध्ये कसा आला आणि त्यातून भांग कशी वगळली गेली, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता सगळ्यात वादाचा प्रश्न. नशा करणाऱ्याला गुन्हेगार मानायचं की नाही?

हा वाद तावातावाने होतो, पण दोन्ही बाजू बरेचदा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. म्हणून आधी तीन वाटा वेगळ्या करू. पहिली संपूर्ण बंदीची. पिकवणं, विकणं, बाळगणं, ओढणं, सगळाच गुन्हा. दुसरी कायदेशीर विक्रीची. माल परवाना असलेल्या दुकानात मिळणार, त्यावर कर बसणार. कॅनडाने २०१८ मध्ये गांजाबाबत हेच केलं. तिसरी वाट या दोहोंच्या मधली. विकणारा गुन्हेगारच राहतो, माल जप्तच होतो, पण स्वतःपुरती पुडी बाळगणाऱ्यावर फौजदारी खटला भरला जात नाही. आजचा लेख या तिसऱ्या वाटेबद्दल आहे आणि तिची ओळख पोर्तुगालपासूनच करून घ्यायला हवी.

पोर्तुगालमधली हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळली. आफ्रिकेतल्या वसाहतींमधून सैनिक आणि वसाहतवाले मायदेशी परतले, बंद दारं उघडली आणि त्या उघड्या दारांतून नशाही आली. आधी गांजा, मग हेरॉइन. १९९०च्या दशकात एक कोटी वस्तीच्या या देशात सुमारे एक लाख लोक हेरॉइनच्या विळख्यात असल्याचा अंदाज होता. लिस्बनमधल्या काझाल व्हेंतोझो या वस्तीत भरदिवसा उघड्यावर सुया टोचल्या जात. एकच सुई अनेकांनी वापरल्यामुळे एचआयव्ही पसरला. पोलीस लोकांना पकडत होते, न्यायालयं शिक्षा देत होती आणि आकडे वाढतच होते.

हे व्यसन फक्त गरिबांच्या वस्तीत राहिलं नव्हतं. ते डॉक्टरांच्या, अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या घरांतही पोचलं होतं. नशेखोर म्हणजे परका कोणीतरी, असं म्हणायची सोय उरली नाही. १९९८ मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात जुआंव गुलांव हे व्यसनी रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर होते. पुढे अनेक वर्षं देशाच्या या धोरणाची सूत्रं त्यांच्याकडेच राहिली. समितीच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १ जुलै २००१ पासून तो लागू झाला.

त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. दहा दिवसांच्या वापराइतका साठा हा व्यक्तिगत मानला गेला. हेरॉइन एक ग्रॅम, कोकेन दोन ग्रॅम, गांजा पंचवीस ग्रॅम. त्याहून जास्त सापडलं तर व्यापाराचा संशय. कमी सापडलं तरी पोलीस माल जप्त करतात आणि त्या माणसाला तीन जणांच्या आयोगापुढे पाठवतात. तिथे कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतली माणसं असतात. हा माणूस कधीमधी घेणारा आहे की पुरता अडकलेला, हे ती समजून घेतात. पहिल्या प्रकारातल्या बहुतेकांना समज देऊन सोडतात. दुसऱ्या प्रकारातल्यांना उपचारांकडे वळवतात. दंड करायचा अधिकार त्यांना आहे, तुरुंगात पाठवायचा नाही.

पण ही झाली कायद्याची बाजू. पोर्तुगाल सावरलं ते त्यामागे उभ्या राहिलेल्या यंत्रणेमुळे. औषधांच्या दुकानांतून जुनी सुई देऊन नवी मोफत घेण्याची सोय १९९३ पासूनच होती. हेरॉइनऐवजी मेथाडोन हे औषध देणाऱ्या गाड्या लिस्बनच्या रस्त्यांवर फिरू लागल्या. उपचार केंद्रं वाढली, व्यसनातून बाहेर पडलेल्यांना काम देणाऱ्या मालकांना सरकारने मदत केली. सुईमुळे होणाऱ्या एचआयव्हीच्या नव्या रुग्णांची वर्षाला हजारांत असलेली संख्या दीड दशकात शंभराच्या आत आली.

आता अमेरिकेतलं ऑरेगन राज्य पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी असाच कायदा कौल देऊन मंजूर केला. फेब्रुवारी २०२१ पासून थोडा साठा बाळगणाऱ्याला फक्त शंभर डॉलरचं चलन मिळू लागलं. हेल्पलाइनला फोन करून आरोग्य तपासणी करून घेतली की तेही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांसाठी ठेवलेला पैसा संस्थांपर्यंत पोचायला फार उशीर झाला. त्याच काळात हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल फेंटानिल बाजारात आलं. पोर्टलंडच्या रस्त्यांवर उघड नशा दिसू लागली, लोक चिडले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं. मृत्यू वाढले ते कायद्यामुळे की फेंटानिलमुळे, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पण शिक्षा आधी गेली आणि उपचार मागे राहिले, हे उघड आहे. खुद्द पोर्तुगालमध्येही २०१२ नंतर पैसा आटला, यंत्रणा विखुरली आणि पोर्तो शहरातून उघड्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा येऊ लागल्या.

आपल्याकडे काय आहे? एनडीपीएसच्या कलम २७ नुसार नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. हेरॉइन, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत कैद, गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत, किंवा दंड. मुंबईच्या न्यायालयांतल्या २०१७ आणि २०१८ मधल्या दहा हजारांहून अधिक खटल्यांचा ‘विधी’ या संस्थेने अभ्यास केला. ते जवळपास सगळे स्वतःच्या सेवनाचे होते आणि त्यांतले बहुसंख्य गांजाचे. म्हणजे पोलिसांचा आणि न्यायालयांचा एवढा वेळ चिलीम ओढणाऱ्यांवर गेला.

उपचारांची बाजू मात्र लंगडी आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले. मुंबईत गर्द पसरत असताना पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अशा केंद्रांनी हजारो घरं सावरली, पण जिल्ह्याजिल्ह्यात पुरून उरतील इतकी ती नाहीत.

आपल्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प साठा बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. ही तरतूद पोलीस ठाण्यात पकडून आणलेल्या पोराला कोणी सांगत नसेल, तर ती कागदावरच राहते.

माझं मत स्पष्ट आहे. अल्प साठा बाळगणाऱ्या व्यसनी माणसावरचा खटला बंद व्हायला हवा. विकणाऱ्यावर कायद्याचा बडगा आहे तसाच राहावा. आणि जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा, समुपदेशक आणि औषधं आल्याशिवाय हा बदल केला, तर आपण ऑरेगनचीच चूक करू. शिक्षा रद्द करायला एक दुरुस्ती पुरते, उपचार उभे करायला पैसा आणि वर्षं लागतात. म्हणून दुसऱ्या कामाला आजच हात घालायला हवा.

घरात, शेजारात कोणी यात अडकलं असेल तर लाजेपायी लपवू नका. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर मोफत चालते. पहिला फोन तिथे करा.